आपला आज्ञाधारक

तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं. रजेचा अर्ज हा दरवर्षीचा ठरलेला पाठ. कोपऱ्यात दिनांक, मग 'प्रति', मग विषय, आणि सगळ्यात खाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. त्यातला 'ज्ञ' मुलं हमखास चुकवायची आणि मी लाल पेनानं तो दुरुस्त करायचो. किती हजार वेळा केला असेल, हिशेब नाही. त्या शब्दाच्या अर्थाकडे मात्र माझं लक्ष गेलं ते निवृत्तीला सात वर्षं उरली असताना, तांदळाच्या एका नोंदवहीपुढे. तो शब्द कुणाला उद्देशून लिहायचा असतो, एवढाच प्रश्न आहे. मुख्याध्यापकांना, साहेबांना, राजाला की आणखी कुणाला?

मी नशिराबादचा. जळगावहून भुसावळकडे निघालं की दहा-एक किलोमीटरवर आमचं गाव लागतं. पूर्वी सहा नंबरचा म्हणायचे तो महामार्ग आता त्रेपन्न नंबरचा झाला, गावाजवळ सिमेंटचा कारखाना आला, वाघूर नदीच्या बाजूनं केळीच्या बागा आहेत. झिपरू अण्णा महाराजांची समाधी इथलीच. अंगावर वस्त्रही न ठेवणारा हा अवधूत. गणेशपुरीच्या स्वामी मुक्तानंदांनी त्यांच्याविषयी फार आदरानं लिहून ठेवलं आहे. आमच्या घरातून पहाटेची अजान ऐकू येते आणि थोड्या वेळानं काकड्याचे टाळही. मला दोन्हींची लहानपणापासून सवय आहे.

२०२५ सालची ६ जुलै रविवारची होती. त्या दिवशी माझा उपास होता, कारण मोहरमची दहा तारीख, म्हणजे आशूरा. शेजारच्या पाटलांच्या घरीही उपास होता, कारण आषाढी एकादशी. २०२४ सालीही असंच झालं होतं, १७ जुलैला. सलग दोन वर्षं दोन्ही उपास एकाच दिवशी. पंचांग उघडून पाहिलं की यात नवल राहत नाही. दोन्ही महिने चंद्राचे. चंद्रदर्शनानंतरचा दहावा दिवस आणि शुद्ध एकादशी जवळजवळच येणार. पण हिंदू पंचांगात अधिक महिना धरतात, हिजरीत धरत नाहीत, म्हणून काही वर्षांनी हे दोन दिवस एकमेकांपासून सरकतात. २०२६ च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे आशूरा जूनमध्ये आणि एकादशी जुलैच्या अखेरीस. मला ही दोन वर्षं मोलाची वाटली, आणि त्या दुसऱ्या वर्षीच्या दिवसातूनच हा लेख निघाला आहे.

आशूरा म्हटलं की बहुतेक वाचकांना करबला आठवेल. इमाम हुसैन, यझीद, हिजरी सन ६१. ते बरोबरच आहे. पण त्या दिवसाच्या उपासाचं कारण करबलाच्याही आधीचं आहे. पैगंबर मदिनेला आले तेव्हा तिथले यहुदी हा उपास करत होते. कशासाठी, असं विचारल्यावर कळलं की याच दिवशी हजरत मूसा आणि त्यांचे लोक फिरऔनच्या तावडीतून सुटले. मग पैगंबरांनीही तो उपास धरला आणि आपल्या लोकांना धरायला सांगितला. म्हणजे एका जुलमी राजापुढे उभ्या राहिलेल्या माणसाची आठवण म्हणून आम्ही हा दिवस उपाशी काढतो.

माझी दादी ही गोष्ट सांगायची तेव्हा समुद्र दुभंगण्यापाशी घाई करायची. आम्हा मुलांना तेच ऐकायचं असायचं. पण ती आधी बराच वेळ दुसऱ्याच ठिकाणी थांबायची: मूसांच्या जिभेपाशी. मूसांना नीट बोलता येत नव्हतं. फिरऔनकडे जा, असा हुकूम झाला तेव्हा त्यांनी मागणं मागितलं ते जिभेची गाठ सोडव, असं. आणखी एक मागणं, भाऊ हारूनला बरोबर दे, कारण तो माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. आणि दोघं भाऊ अल्लाहला सरळ सांगतात की आम्हाला भीती वाटते, तो आमच्यावर उलटेल. दादी इथे आमच्याकडे पाहायची. पैगंबरालाही भीती वाटते, हे तिला आमच्या मनावर ठसवायचं होतं. उत्तर येतं ते एवढंच, की भिऊ नका, मी बरोबर आहे, ऐकतो आहे, पाहतो आहे. आणि आणखी एक आज्ञा होते, जी मला मोठेपणी कळली: त्याच्याशी मऊ बोला. ज्यानं इस्राएलच्या घराघरातले मुलगे मारले, त्या राजाशी मऊ बोला!

निर्भयपणाची आपली कल्पना आणि ही कल्पना यांत फार अंतर आहे. आपल्याकडे हल्ली निर्भय म्हणजे ज्याचा आवाज चढा तो. मोबाइलवर कुणाला तरी शिव्या घातलेला व्हिडिओ फिरतो आणि खाली 'वाघ' म्हणून शाबासक्या पडतात. मूसा दरबारात स्वतःचा राग घेऊन गेले नव्हते. राग असायला जागा होती, तरीही. ते दुसऱ्याचा निरोप घेऊन गेले होते, आणि निरोप्याला निरोपात आपलं काही मिसळता येत नाही, त्यातलं काही गाळताही येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचं बळ यातच होतं. जो स्वतःसाठी बोलतो त्याला सतत स्वतःला वाचवावं लागतं.

आणखी एक गोष्ट. मूसा फिरऔनच्याच वाड्यात वाढले होते. राजा त्यांना ते ऐकवतोही: तुला आम्ही लहानाचा मोठा केला, आमच्यात इतकी वर्षं राहिलास, आणि ते कृत्यही करून गेलास. कृत्य म्हणजे खून. तरुणपणी मूसांच्या हातून एक माणूस मेला होता. भर दरबारात असा डाग दाखवला तर माणूस गप्प बसतो. मूसा नाकारत नाहीत. हो, तेव्हा माझं चुकलं होतं, असं म्हणतात आणि पुढचं बोलतात. हे वाचताना मला दर वेळी धीर येतो, आणि त्याचं कारण पुढे सांगणारच आहे.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो या कथेतला तिसराच माणूस. दरबारात मूसांना ठार करायची भाषा चालू होते तेव्हा फिरऔनच्याच माणसांमधला एक जण उठतो. त्यानं आपली श्रद्धा तोवर लपवून ठेवलेली असते. रोज दरबारात येत असेल, मुजरा करत असेल, पगार घेत असेल. तो उठून वकिलासारखा मुद्दा मांडतो: हा माणूस खोटा असेल तर त्याचं खोटं त्याला नडेल, पण खरा असेल तर तुमचं काय होईल? माझा पालनकर्ता अल्लाह आहे, एवढंच म्हणतो म्हणून माणसाला मारायचं? कुराणात त्याचं नाव दिलेलं नाही. मात्र चाळिसावी सूरह त्याच्यावरूनच 'मोमिन' म्हणून ओळखली जाते. दरबारातल्या एका नाव नसलेल्या नोकराच्या नावे अख्खं प्रकरण!

मला वाटतं, आपल्यापैकी बहुतेकांना मूसा व्हायचं नसतंच. तो हुकूम आपल्याला आलेला नाही. आपण दरबारातले आहोत. कुणी शाळेत, कुणी बँकेत, कुणी तहसिलीत, कुणी कारखान्यात. मनात काहीतरी मानतो, ते झाकून ठेवतो आणि सही करतो. आपल्या वाट्याला त्या मोमिनचा क्षण येतो. बहुधा एकदाच येतो, आणि तो आला आहे हे त्या वेळी कळतही नाही.

माझा २०१२ साली आला होता.

शाळेचं, गावाचं नाव लिहीत नाही. त्या शाळेत पोषण आहाराची नोंदवही माझ्याकडे होती. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, हा नियम. रोज किती मुलं जेवली ते लिहायचं, त्यावरून किती तांदूळ शिजला ते लिहायचं, आणि साठ्यातून तेवढा वजा करायचा. पटावर १४० मुलं होती. प्रत्यक्षात येत होती पंचाण्णव-शहाण्णव. वहीत १४० लिहिली जायची. ४४ मुलांचे रोजचे साडेचार किलो, महिन्याला जवळपास दोन पोती. ती पोती कुठे जात होती ते शाळेत सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दिवशी मी आकडा लिहिताना थांबलो होतो. "सर, पटाचा आकडा घाला, पट कमी दिसला तर शिक्षक जाईल," असं मला सांगण्यात आलं. जाणारा शिक्षक मीच असू शकत होतो. मी १४० लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून थांबलोही नाही.

भात शिजवायला एक मावशी होत्या. महिना १००० रुपये मानधन, तेही दोन-तीन महिन्यांनी एकदम मिळायचं. सकाळी चूल पेटवायच्या, दुपारी ताटं घासून पालथी घालायच्या. शाळा शिकलेल्या नव्हत्या. कुणी तरी पालकानं तक्रार केली आणि एक दिवस चौकशीला साहेब आले. आम्ही शिक्षक वहीकडे बोट दाखवून मोकळे झालो. वही चोख होती, माझ्या अक्षरात. शेवटी मावशींचा जबाब घ्यायचा राहिला. तो आधीच लिहून तयार होता: मी रोज १४० मुलांचा भात शिजवते. अंगठ्याला निळी शाई लावून झाली. मावशी म्हणाल्या, काय लिहिलं ते वाचून दाखवा. साहेबांनी कागद माझ्या हातात दिला.

मी वाचला. मराठी शिकवणारा माणूस, स्पष्ट वाचला. त्या म्हणाल्या, "परत वाचा बरं सर." मी परत वाचला. आणि मग त्यांनी अंगठा पदराला पुसला.

"एवढी लेकरं नाई येत, साहेब," त्या म्हणाल्या. "शंभराले चार-पाच कमी येता. ताटं मी घासते, मले माहीत. मी आंगठा कसा लावू? देवाले काय सांगू?"

आवाज चढवला नव्हता. उलट इतका खाली होता की साहेबांना पुन्हा विचारावं लागलं. हात थरथरत होता, शाई पुसताना पदर दोनदा निसटला. खोलीत मुख्याध्यापक होते, गावातले एक वजनदार गृहस्थ होते, आम्ही चार शिक्षक होतो. या बाईच्या घरात दुसरी कमाई नव्हती. मी त्यांच्या बाजूनं एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं: मावशी खरं बोलताहेत, आकडा मी खोटा लिहिला. मी कागदाची घडी घालून टेबलावर ठेवली.

पुढे काय झालं ते कुणीही ओळखेल. चौकशी 'समज देऊन' मिटली. पुढच्या जूनमध्ये स्वयंपाकाचं काम दुसऱ्या गटाकडे गेलं. मावशी निंदणीला, कापूस वेचायला जाऊ लागल्या. मी बदली होईपर्यंत त्याच शाळेत होतो, आणि २०१९ ला पुष्पगुच्छ, शाल घेऊन निवृत्त झालो. सत्काराच्या भाषणात कुणीतरी मला आदर्श म्हणाले.

मराठी मुलाला राजापुढे न झुकणारा माणूस म्हटला की रामशास्त्री आठवतात. मीही ते पाठ वर्षानुवर्षं शिकवले. ३० ऑगस्ट १७७३, ऐन गणेशोत्सवात शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला मारलं. चुलता रघुनाथराव गादीवर आला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी तपास केला, दोष रघुनाथरावापर्यंत नेला आणि याला देहान्त प्रायश्चित्त, असं त्याच्या तोंडावर सांगितलं. हे सर्वांना माहीत आहे. प्रभातनं १९४४ साली चित्रपट काढला, गजानन जागीरदारांनी ती भूमिका केली, आणि तेव्हापासून आपल्या डोळ्यांपुढे तर्जनी उगारून गरजणारे रामशास्त्री उभे आहेत.

मावशींच्या त्या दिवसानंतर मी हे प्रकरण निराळ्या नजरेनं वाचू लागलो. ग्रँट डफनं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात हा प्रसंग आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे पकडण्याचा हुकूम आपण दिला होता, मारण्याचा नव्हे, असं रघुनाथरावानं कबूल केलं आणि याला प्रायश्चित्त काय, असं त्यानंच विचारलं. म्हणजे प्रश्न राजाचा होता. शास्त्री हुद्द्यानं त्याचं उत्तर द्यायला बांधलेले होते, आणि उत्तर शास्त्रात होतं तेच त्यांनी दिलं. बंडाचं निशाण त्यांनी उभारलं नाही. त्यांच्यापुढे एक वही होती, तिच्यात त्यांनी खरा आकडा लिहिला. मग या राज्यात राहणार नाही म्हणून पुणं सोडलं आणि वाईच्या बाजूला एका खेड्यात जाऊन राहिले. पुण्यात त्या वेळी मुत्सद्द्यांची वाण नव्हती. बारभाईंचं कारस्थान पुढे झालं, यशस्वीही झालं, पण पहिल्या दिवसांत मोठमोठी माणसं वारा कुठून वाहतो ते पाहत थांबली होती. शास्त्र्यांचं ज्ञान त्या मुत्सद्द्यांहून अधिक होतं म्हणून ते बोलले, असं मला वाटत नाही. आपण कुणाचे आज्ञाधारक, हे त्यांच्या मनात आधीच ठरलेलं होतं. त्यामुळे त्या दिवशी त्यांना ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

या शास्त्र्यांविषयीही मूसांच्या जिभेसारखीच एक गोष्ट सांगतात. माहुलीचा हा मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत निरक्षरच होता, साताऱ्याच्या सावकाराकडे पाणक्याचं काम करत होता, धन्यानं हिणवलं म्हणून काशीला गेला आणि शिकून आला. परंपरेत चालत आलेली कथा आहे, कागदाचा पुरावा मी पाहिलेला नाही. पण ग्रँट डफनंच नोंदवलेला दुसरा तपशील मला त्याहून मोठा वाटतो. या न्यायाधीशाच्या घरात एका दिवसाला पुरेल त्याहून जास्त धान्य ठेवलं जात नसे. वैराग्य म्हणून आपण यावर मान डोलावतो. मी साठ्याची वही सांभाळलेला माणूस आहे. ज्याच्या घरात साठा नाही त्याला कशाची भीती घालणार, हे मला त्यातून दिसतं. मावशींच्या घरीही साठा नव्हता. फरक इतकाच की शास्त्र्यांनी तो ठेवला नाही, आणि मावशींना तो कधी मिळाला नाही. या फरकाला मी छोटा म्हणणार नाही. नोकरी सोडल्यावर शास्त्र्यांना पुढे सन्मानानं परत बोलावलं गेलं. मावशींना कुणी बोलावलं नाही.

आमच्या जिल्ह्यातलं उदाहरण द्यायचं तर अमळनेरच्या साने गुरुजींचं. ते प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. पण मला इथे १९४७ ची आठवण द्यायची आहे. मावशी ज्या विठ्ठलाची एकादशी करतात त्याच्या मंदिराचं दार त्यांच्या आजीला अस्पृश्य म्हणून बंद होतं. ते उघडावं म्हणून गुरुजींनी महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांना साद घातली आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपास मांडला. स्वातंत्र्य दारात आलेलं, आताच हे कशाला, असं म्हणणारे कमी नव्हते. खुद्द गांधीजींनी उपास थांबवा म्हणून कळवलं. गुरुजींना गांधीजी किती प्रिय होते हे सांगायला नको. तरी ते थांबले नाहीत. दहाव्या दिवशी दार उघडण्याचा निर्णय झाला. विरोधकापुढे उभं राहणं एक वेळ सोपं जातं. ज्याच्या पायाशी बसून शिकलो त्याचा निरोप बाजूला ठेवायचा आणि आतल्या आज्ञेला धरून राहायचं, हे फार अवघड. त्यातही गुरुजींच्या तोंडून कुणाविषयी कडू शब्द निघाला नाही.

आता आजचं बोलतो. कारण ही सगळी पूर्वीच्या थोरांची कथा म्हणून वाचली आणि पेपर मिटला, तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

२५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीला तेलातली भेसळ दिसली. ते गाडीतून उतरून विचारायला गेले. त्यांना तिथेच, भर दिवसा, जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. आमच्या शाळेत झेंडावंदनाला जमलेले शिक्षक एकमेकांकडे पाहायला धजत नव्हते. ते अधिकारी दरबारातलेच होते. काम करत होते, एवढंच.

अशा माणसांसाठी मराठीत एक चांगला शब्द आहे: जागल्या. पूर्वी गावात रात्रीचा पहारा करायचा तो जागल्या. आपल्या संसदेनं या जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ साली मंजूर केला. राष्ट्रपतींची सहीही झाली. आणि तो आजपर्यंत अमलात आलेला नाही. सही झाली, अंमल नाही. माझी वहीही अशीच होती, तिच्यात सगळ्या सह्या होत्या. पोषण आहाराच्या स्वयंपाकीण बाईपासून जिल्ह्याच्या अधिकाऱ्यापर्यंत कुणीही खरा आकडा सांगितला तर दुसऱ्या जूनमध्ये त्याचं काम जाणार नाही, एवढी हमी देणं सरकारला अवघड नाही. ती मिळेपर्यंत आपण रामशास्त्र्यांच्या नावानं पुरस्कार देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही जण मला म्हणतील, कायद्यानं निर्भयता येते का? नाही येत. मावशींना कोणत्या कायद्यानं ते वाक्य सुचवलं? पण त्यांच्या वाक्याची किंमत त्यांनी एकटीनं भरली, आणि भरायला लावणाऱ्यांत मी होतो. देवाची आज्ञा पाळणाऱ्याला देव सांभाळेल म्हणून आपण हात झटकतो, तेव्हा आपण फिरऔनच्या दरबारातल्या त्या गप्प बसलेल्या लोकांत असतो, ज्यांची संख्याही कुराणानं सांगितलेली नाही.

आणि शिक्षकांना माझं सांगणं आहे. मुलांना आज्ञाधारक करू नका, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. ज्याला कुणाचीच आज्ञा मानायची नाही तो पहिल्या धमकीला वाकतो, कारण धरून राहायला त्याच्याकडे काही नसतं. मुलांना आज्ञाधारक जरूर करा. फक्त अर्जातला तो शब्द शिकवताना थांबा आणि विचारा, मुख्याध्यापकांनी खोटं लिहायला सांगितलं तर? पाचवीच्या मुलाला हा प्रश्न बरोबर कळतो. मी तो तीस वर्षांत एकदाही विचारला नाही.

त्या रविवारी, ६ जुलैला, दुपारची नमाज झाल्यावर मी मोटारसायकल काढून मावशींच्या गावाला गेलो. बरोबर राजगिऱ्याचे लाडू घेतले, त्यांची एकादशी होती म्हणून. तेरा वर्षांत पहिल्यांदाच गेलो. घर तेच, ओट्यावर सारवण ताजं. त्यांनी ओळखलं. मी माफी मागितली. कशी मागितली ते लिहिण्यासारखं नाही, वाक्य नीट जुळलं नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमी वाचलं तं बरं झालं सर. तुमी वाचलं म्हनूनच मले कळलं त्यात काय लिहेल हाये."

याबद्दल पेपरात लिहू का, असं विचारलं. नाव घालू नका, म्हणाल्या. नाव आलं की लोक म्हणतील, पेपरात येण्यासाठी केलं.

माझाही उपास आहे असं कळल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं. तुमच्यात आज कुणाचा, असं विचारलं. मग मी त्यांना मूसांची गोष्ट सांगितली. दादीसारखीच, समुद्राच्या आधीच बराच वेळ थांबून. जिभेची गाठ सांगितली तेव्हा त्यांनी मान हलवली आणि आपल्या गळ्याला हात लावला. "माही बी चिकटली होती त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "टाळूले."

निघताना त्या आत गेल्या आणि सवयीनं माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. दारातच त्यांच्या लक्षात आलं. सूर्य मावळायला अजून तीन तास होते. त्यांनी ते पाणी अंगणातल्या तुळशीला घातलं आणि रिकामा तांब्या पदरानं पुसत उभ्या राहिल्या.